टॉवेल-टोपी, गिफ्ट कार्ड आणि शमुवेलाचा झगा

नोव्हेंबर संपता संपता आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुण्याच्या पुतण्याने एक ठराव मांडला. यंदाच्या नाताळला कुणी कुणाला कपडे द्यायचे नाहीत. पर्स, पट्टा, घड्याळ, कानातलेही नकोत. ज्याला जे द्यायचं असेल त्याने तेवढे पैसे पाठवावेत, नाहीतर गिफ्ट कार्ड द्यावं. खाली कारणं दिली होती: माप चुकतं, रंग आवडत नाही, कपाटं ओसंडून चालली आहेत आणि जगात आधीच कापडाचे डोंगर साचलेत. तासाभरात निम्म्या घराने होकार भरला. उरलेल्या निम्म्यातून माझ्या मोठ्या जाऊबाईंचं एकच वाक्य आलं, "मग नाताळ तरी कशाला करता, एफडी करा." त्यावर हसून झालं आणि चर्चा मिटली. मिटली म्हणजे संपली असं नाही. दरवर्षी ती अशीच मिटते आणि पुढच्या डिसेंबरात तिथूनच सुरू होते, वसईतल्या आमच्या घरात आणि आखातात, कॅनडात पांगलेल्या आमच्या माणसांतही.

मला दोन्ही बाजू कच्च्या वाटतात. एक बाजू हिशेबाच्या गोष्टी करते आणि हिशेब अर्धाच मांडते. दुसरी "भावना बघा हो, किंमत काय बघता" असं म्हणत स्वतःचा आळस झाकते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. न बघता, न विचारता उचललेल्या कपड्यापेक्षा पैसे दिलेले केव्हाही बरे. पण बघून, विचारून, माप काढून घेतलेल्या कपड्याचं काम पैशाने होत नाही. आणि सगळेच कपडे बंद करायचा ठराव म्हणजे वर्षातून एकदा एकमेकांकडे नीट बघायचं जे निमित्त उरलं होतं, तेही बंद करायचा ठराव.

पुतण्याची बाजू मात्र लेचीपेची नाही. १९९३ साली जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात नाताळच्या भेटींवर एक निबंध लिहिला आणि तेव्हापासून दर डिसेंबरात कुणी ना कुणी तो बाहेर काढतं. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्याने विचारलं की तुम्हाला मिळालेल्या भेटींना देणाऱ्याने किती पैसे मोजले असतील आणि तुमच्या लेखी त्यांची किंमत किती. दोन्हींत फरक निघाला. भेटीच्या किमतीचा दहावा ते तिसरा हिस्सा हवेत विरतो, असं त्याचं गणित. त्यातही आजी-आजोबा, आत्या, काका, मामा यांनी दिलेल्या वस्तूंत नुकसान जास्त, मित्रांच्या आणि प्रियजनांच्या भेटींत कमी. मी आत्याही आहे आणि मावशीही, तेव्हा हा आरोप सरळ माझ्यावरच आहे आणि मला तो मान्य आहे. माझ्या हातून असे शर्ट गेले आहेत, जे पुढच्या वर्षी घडीसकट त्याच कपाटात दिसले.

आणि आपल्याला येलपर्यंत जायची गरजच काय? महाराष्ट्रात आहेराची टॉवेल-टोपी कोण वापरतं? ती टोपी घालणारी पिढी गेली, तरी टोपी मांडवात फिरतेच आहे. ओटीतल्या ब्लाऊजपीसचं तर विचारूच नका. एकीच्या ओटीतून निघतो, दुसरीच्या ओटीत पडतो, तिसरीकडे सत्यनारायणाला जातो आणि वर्षभराने पहिल्या घरी परत येतो. तो कुणी शिवत नाही, कारण तो शिवायचा नसतोच. ते आता कापड राहिलेलं नाही, चलन झालं आहे, आणि तेही वाईट चलन, कारण त्यात साधी भाजीसुद्धा येत नाही. लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ आली ती उगाच नाही. नाताळच्या रंगीत कागदात गुंडाळलेला, तीन वर्षं हात बदलत फिरलेला सिंथेटिक शर्टपीस आमच्याकडेही असतोच. पुतण्याला तो नको असेल तर मी त्याच्या बाजूने उभी राहते.

कपड्याच्या भेटीवर याहून जड आक्षेप आहे आणि तो पैशाचा नाही. कपडा अंगावर चढतो, म्हणून तो देणारा नकळत सांगत असतो की माझ्या लेखी तू कोण आहेस. राजेरजवाड्यांना हे पक्कं ठाऊक होतं. पेशवाई कुणाकडे गेली हे आपण कसं सांगतो? 'पेशवाईची वस्त्रं मिळाली' असं. बाजीरावाला ती १७२० साली छत्रपती शाहूंकडून मिळाली. आग्र्याला औरंगजेबाच्या १२ मे १६६६च्या दरबारात शाहजाद्यांना, वजिराला, जसवंतसिंगाला खिलती, म्हणजे मानाचे पोशाख, वाटल्या गेल्या आणि शिवाजी महाराजांना वगळलं गेलं. महाराज संतापून उठले. मग त्यांना शांत करायला खिलत पाठवली, तर ती त्यांनी अंगावर घ्यायला नकार दिला. न मिळालेलं वस्त्र हा अपमान आणि नंतर मिळालेलं वस्त्र स्वीकारणं हा त्याहून मोठा अपमान. एका कापडात एवढं भरलेलं असू शकतं. बायबलात याकोबाने लाडक्या योसेफाला खास झगा करून दिला, भावांच्या डोळ्यांत तो खुपला आणि शेवटी त्यांनी योसेफाला विकून तोच झगा बोकडाच्या रक्तात बुडवून बापासमोर टाकला. घराघरांतल्या नाताळात रक्त सांडत नाही, पण 'धाकटीच्या साडीला काठ रेशमी, आपल्याला साधा' हे हिशेब दहा-दहा वर्षं चालतात. जीन्स घालणाऱ्या सुनेला सासू न चुकता दरवर्षी पंजाबी ड्रेस देते, त्याला भेट म्हणायचं की सूचना? माझ्या भाचीला एका नातेवाईक बाईंनी "आता बारीक होशीलच" म्हणत एक माप लहान कुडता दिला होता. तिने तो हसून घेतला. पुढची दोन वर्षं ती त्या बाईंकडे फराळाला गेली नाही.

तिसरा आक्षेप कचऱ्याचा. यावर मला फार वाद घालायचा नाही, कारण तो खरा आहे. ब्रिटनमधे हौसेने घालायच्या नाताळच्या जंपर्सची हबब या संस्थेने २०१९ साली पाहणी केली, तेव्हा ९५ टक्के जंपर्समधे पूर्ण किंवा अंशतः प्लास्टिकचा धागा निघाला. आता ती रेनडिअरची चित्रं असलेली स्वेटरं आपल्याकडेही येऊन पोचली आहेत. वसईच्या डिसेंबरात! दुपारी पंखा लावून बसावं लागतं आणि ऑफिसच्या सीक्रेट सांतात माणसाला लोकरीचा भास देणारं पॉलिएस्टर मिळतं. नको झालेले कपडे फिरत फिरत घानातल्या अक्राच्या कांतामांतो या जुन्या कपड्यांच्या बाजारात जातात किंवा आपल्या पानिपतात चिंध्या होऊन पुन्हा सूत बनतात, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. एवढंच विचारते, की गिफ्ट कार्डाने हे थांबतं का? कपड्यांच्या दुकानाचं कार्ड मिळालेला माणूस त्यातून कपडेच घेतो, शिवाय कार्डावरच्या रकमेत काही बसत नाही म्हणून वर स्वतःचे पैसे घालून जास्तच घेतो. आणि जी कार्डं ड्रॉवरमधे पडून मुदत संपवतात त्यांचे पैसे कुठे जातात? दुकानदाराकडे. वाया जाऊ नये म्हणून काढलेली वाट ही!

आता पैशाकडे येते. पुतण्याच्या ठरावावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. आम्ही मोठी माणसं अकरा. प्रत्येकाने उरलेल्या दहा जणांना पाचशे रुपये पाठवायचे. म्हणजे माझे पाच हजार गेले. आणि दहा जणांकडून मला पाचशे-पाचशे आले, म्हणजे पाच हजार परत मिळाले. अकराच्या अकरा जणांचं हेच. एकशे दहा वेळा मोबाईल वाजणार आणि कुणाच्याही खात्यात एक रुपया इकडचा तिकडे होणार नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत यात नुकसान शून्य. पण झालं काय? काहीच नाही. बरोबरीच्या माणसांनी एकमेकांना पैसे दिले की ते एकमेकांना खोडून टाकतात. पैशाची भेट टिकते ती फक्त उतारावर, मोठ्याकडून लहानाकडे, मालकाकडून नोकराकडे. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: पोस्त. दिवाळीची पोस्त वॉचमनला, पोस्टमनला देतात आणि ती पैशातच द्यावी, त्यांना शर्टपीस देऊन उपकार दाखवू नयेत. पण सख्ख्या बहिणीला पोस्त द्यायची?

इथे कुणी म्हणेल, भाऊबीजेच्या ताटात तर नोटच पडते. पडते, आणि ओवाळणी मला प्रिय आहे. पण त्या नोटेच्या आधी पाट मांडलेला असतो, निरांजन असतं, कपाळाला कुंकू लागलेलं असतं, भाऊ चार तास प्रवास करून आलेला असतो. नोट त्या सगळ्याच्या शेवटी येते. तीच नोट मोबाईलवरून 'हॅपी भाऊबीज' म्हणत आली की बहिणीला कसं वाटतं ते तिलाच विचारा. सांताक्लॉजचा मूळपुरुष, मायराचा संत निकोलस, त्यानेही पैसेच दिले होते, हेही कबूल करते. हुंड्याविना लग्न अडलेल्या तीन मुलींच्या घरात त्याने रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या अशी कथा आहे. मुलींना त्या घटकेला सोनंच हवं होतं, झगे नव्हे. म्हणजे निकोलसनेसुद्धा आधी त्या घरात काय अडलंय ते पाहिलं होतं. आणि नाव न कळू देता दिलं, म्हणून ती पोस्त झाली नाही.

पुन्हा वॉल्डफोगेलकडे जाऊ, कारण त्याचा आकडा सगळे सांगतात आणि प्रश्न कुणी सांगत नाही. विद्यार्थ्यांना किंमत विचारताना त्याने एक अट घातली होती: भावनिक मोल सोडून सांगा. ते त्याच्या कामापुरतं ठीकच होतं. पण आईने विणलेल्या मफलरची, ती आईने विणली हे वगळून, किंमत सांगा म्हटल्यावर मफलर स्वस्तच निघणार. मोदकातलं सारण काढून ठेवा आणि मग वजन करा, असं झालं हे. शिवाय त्याच्याच आकड्यांत एक गोष्ट लपलेली आहे. जवळच्यांच्या भेटींत नुकसान कमी आणि लांबच्यांच्या भेटींत जास्त. म्हणजे दोष वस्तू देण्यात नाही, न ओळखता देण्यात आहे. यावर दोन उपाय निघतात. एक, ओळखत नाही म्हणून पैसे देऊन मोकळं व्हावं. दुसरा, ओळख करून घ्यावी. पहिला सोपा आहे म्हणून तोच एकमेव, असं का धरायचं?

"पण विचारलं की गंमत जाते," हे भावनावाल्या बाजूचं आवडतं वाक्य. हा हट्ट सोडावा असं मला फार वाटतं. फ्रान्सेस्का जीनो आणि फ्रान्सिस फ्लिन यांनी २०११ साली दाखवून दिलं की घेणाऱ्याला त्याने सांगितलेली वस्तू मिळाली तर जास्त आनंद होतो, आपल्या मनाने काही घेतलं तरी तितकंच कौतुक होईल असं मात्र फक्त देणाऱ्याला वाटत असतं. आणि हे काही नवं नाही. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीला दर नववर्षाला सगळा दरबार भेटी देई, तेव्हा तिकडे नाताळापेक्षा नववर्षाच्या भेटींचं प्रस्थ होतं. त्या भेटींच्या याद्या आजही शिल्लक आहेत. मोठमोठे सरदार आणि बिशप बऱ्याचदा थैलीत सोन्याची नाणी घालून देत, म्हणजे गिफ्ट कार्डच. राणी परतभेट म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची भांडी देई, वजनाची नोंद करून. राणीच्या जवळ जायची इच्छा असलेले मात्र हातमोजे, बाह्या, भरतकामाचे कपडे देत. श्रूझबरीच्या काउंटेसने एका वर्षी राणीच्या खासगीतल्या बायकांकडे माणूस पाठवून आधी चौकशी केली, मग एक झगा करवून घेतला, आणि तुमची कुठलीच भेट राणीला इतकी आवडली नव्हती असं पत्र तिला आलं. तिने विचारलं होतं म्हणून राणीची गंमत गेली नाही. आपल्याला नणंदेच्या मुलीला विचारायला लाज वाटते, की ताईला सध्या कुठला रंग आवडतो.

आपल्याकडे तर मापाचा हा सगळा घोळ एका जुन्या रिवाजाने सोडवलेला होता. आपण शिवलेलं देत नव्हतो, कापड देत होतो. लुगडं, साडी, शर्टपीस, पँटपीस, फ्रॉकसाठी अडीच मीटर. निम्मी निवड देणाऱ्याची, निम्मी घेणाऱ्याची. पोत आणि रंग माझा, गळा आणि बाही तुझी. मी लहान असताना वडील मुंबईच्या मंगलदास मार्केटमधून कापड आणत आणि गावातला टेलर नोव्हेंबरच्या मध्यानंतर नवं काम घेत नसे, दुकानाच्या काचेवर 'नाताळच्या ऑर्डरी बंद' असा कागद लागे. त्याच्या लांबट वहीत आख्ख्या गावाची मापं होती. कोण सुटलं, कोण वाळलं, कुणाला दिवस गेलेत, हे त्या वहीला फादरच्याही आधी कळे. ओटीतला ब्लाऊजपीस आणि हे कापड, वस्तू एकच. फरक एवढाच की ब्लाऊजपीस आपण निवडायचा सोडला आणि शिवायचाही सोडला. टेलर अजून आहेत. सुंदर सुती कापड घेऊन त्यात शिलाईचे पैसे घालून द्यायला कुणी अडवलंय? पुतण्याचे पैसेही त्यात आले आणि जाऊबाईंचा नाताळही.

अंगाचं माप नको म्हणून पुष्कळ जण पाकीट, पट्टा, स्टोल, छत्री यांकडे वळतात. तिथे चूक होत नाही अशी समजूत आहे. माझे वडील गेल्यावर त्यांच्या कपाटात चामड्याची चार पाकिटं निघाली. चारही कोरी, आत दुकानाचा तो खोटा कार्डासारखा कागद तसाच. त्यातली दोन मी दिलेली. ते वाडीतली केळी आणि भाजी घेऊन पहाटेच्या लोकलने दादरला जायचे आणि पैसे जाड प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर गुंडाळून, बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे. घाम लागला, पाऊस लागला तरी नोटा कोरड्या राहायच्या. चामड्याचं पाकीट त्यांच्या कामाचं नव्हतं हे मला वीस वर्षं दिसत होतं. पिशवी रोज माझ्या डोळ्यांसमोर रिकामी होत होती, कधी कधी मीच नोटा मोजत होते. तरी मी पाकीट दिलं, दोनदा, कारण दुकानात 'बाबांसाठी' असा फलक लावलेल्या मांडणीवर पाकिटंच होती. बंडीला आतून मोठा खिसा लावून दिला असता तर त्यांनी तो वापरला असता. त्याला चाळीस रुपये लागले असते. त्या दोन पाकिटांऐवजी मी त्यांना रोख पैसे दिले असते तर बरं झालं असतं का? हो, पाकिटापेक्षा बरं. खिशापेक्षा नाही.

बायबलात एक बाई आहे, हन्ना. नवसाने झालेला मुलगा शमुवेल तिने शिलोच्या मंदिरात एली याजकाजवळ देऊन टाकला. मग ती दरवर्षी नवऱ्याबरोबर वार्षिक यज्ञाला जाई तेव्हा त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेई. एवढंच वाक्य आहे, पुढे शास्त्र दुसऱ्या विषयाकडे वळतं. मला ते वाक्य सोडत नाही. मुलगा वर्षातून एकदा दिसणार. झगा घरी बसून शिवायचा, तो समोर नसताना. मग तिने अंदाज कसा बांधला असेल? गेल्या वर्षी तिच्या कमरेपर्यंत आला होता, शेजारणीचा त्याच वयाचा मुलगा आता केवढा झालाय, खाणंपिणं तिथे नीट मिळत असेल का, बाही बोटभर लांबच ठेवू. झगा कधी फार मोठा होत असेल, कधी तोकडा होत असेल. वॉल्डफोगेलच्या हिशेबात त्यात नक्कीच तोटा होता. पण वर्षभर एक बाई एका मुलाची उंची मनात मोजत होती. मंदिराच्या दानपेटीत त्याच्या नावाने नाणं टाकायचं असतं तर तिला ती मोजावी लागली असती का?

मस्कतला असलेल्या माझ्या भावाचा मुलगा चौदा वर्षांचा आहे. तो दोन वर्षांतून एकदा इकडे येतो. ग्रुपवरच्या ठरावाला मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्याला वेगळा मेसेज केला: "बाबाला सांग टेप घे आणि तुझा खांदा मोज. पाठीमागून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि कॉलर हवी की गोल गळा ते सांग." दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी एक हललेला फोटो आला. पाठमोरा मुलगा, त्याच्या खांद्यावर पिवळी टेप, टेपवर माझ्या भावाचा अंगठा. खाली लिहिलं होतं, "आत्या, १६. लास्ट टाइम किती होता?"

माझ्या वहीत पाहिलं. साडेचौदा.